शेवडेकाका आणि विकलेलं तळं

येनाच्या ट्राममध्ये माझ्यावर पहिल्यांदा ओरडलेला माणूस जर्मन नव्हता, कराडचा होता.

मी पीएचडीसाठी नुकताच आलो होतो. तिकीट काढलं होतं, पण ते ट्राममधल्या एका छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उठवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तपासनीस आला, त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि दंड मागायला लागला. त्याचं जर्मन मला कळेना आणि माझं इंग्रजी त्याला. तेवढ्यात मागच्या सीटवरून लोकरी टोपी घातलेले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी त्या तपासनिसाला फैलावर घेतलं. पोराने तिकिटाचे पैसे भरले आहेत, तो परका आहे, यंत्रावरची सूचना एकाच भाषेत का, असा एकूण रोख असावा. तपासनीस पुटपुटत पुढे गेला. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर गृहस्थ माझ्याकडे वळले आणि स्वच्छ मराठीत गरजले, "आणि तू रे? एवढी माणसं त्या यंत्रात तिकीट घालताहेत, ती दिसली नाहीत तुला? हा शुद्ध आचरटपणा आहे!"

मी गारच पडलो. "मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"तपासनीस आला तेव्हा 'आयला' म्हणालास."

हे मधुकर शेवडे. येनातल्या आम्हा पंधरा-वीस मराठी पोरांचे शेवडेकाका. सूक्ष्म उपकरणं बनवण्याचं शिक्षण घ्यायला ते इथे आले तेव्हा हा वेगळा देश होता, पूर्व जर्मनी. पुढे तो देश नाहीसा झाला, काका तिथेच राहिले. त्यांचं मराठीही त्यांनी कराड सोडलं त्या वर्षी थांबलेलं. रेडिओला नभोवाणी म्हणायचे, ट्रेनला आगगाडी. माझ्या लॅपटॉपला शेवटपर्यंत 'तुझी ती पेटी'. मधेच एखादं जर्मन 'आल्झो' किंवा 'गेनाऊ' ठेच लागल्यासारखं यायचं आणि वाक्य पुन्हा कराडच्या वळणाने चालू व्हायचं.

त्यांची बायको गिझेला, आमची काकू. लग्नानंतर ती एकदाच कराडला गेली होती. तिथे सासूने तिला शिकवलं, की नवऱ्याला 'अहो' म्हणायचं. तेव्हापासून ती त्यांना "आहो, मधुकर!" अशी हाक मारायची आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये बोलायची. काका चिडले, की ती खिडकी बंद करायची. थंडी असो, उन्हाळा असो. शेजाऱ्यांना कळायचं, शेवड्यांच्या घरात बातम्या लागल्या.

त्यांच्या रागाची एक गंमत मला हळूहळू कळली. बर्लिनची भिंत पडल्यावर ते काम करत होते तो सूक्ष्मदर्शकांचा छोटा कारखाना बंद झाला. पश्चिमेकडून एक कोवळा इसम आला, चकचकीत बुटांनी कारखान्यातून हिंडला, आणि काही महिन्यांत सगळे घरी बसले. काका तेव्हा पन्नाशीलाही आले नव्हते. पुन्हा धड नोकरी मिळाली नाही. हे सगळं ते दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तसं सांगायचे. पण कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या हिल्डेगार्डला नोकरी गेल्याचं फोनवर कळवलं, हे आठवलं की टेबलावर मूठ आपटायचे. "माणसाला काढायचं तर समोर येऊन काढावं! ती बटाटे सोलत होती रे. हातात सोलाणं होतं तिच्या, आणि हे फोनवर सांगतात? हलकट!"

एका वर्षी आम्ही विद्यापीठाच्या एका खोलीत गणपती बसवला. आमच्यातल्या एकाने भाषण केलं, की आपण इथे पाहुणे आहोत, या देशाचे आपल्यावर उपकार आहेत, पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं. काका प्रसादाची वाटी हातात घेऊन उभे राहिले. "पाहुणा कोण? मी? माझ्या हातची भिंगं अजून या देशातल्या शाळांत आहेत. पगारातून कर कापताना कोणी विचारलं नाही पाहुणा आहेस का म्हणून. पाहुण्याला कोणी भांडी घासायला लावतं का? मी घासली आहेत! उपकार म्हणे!" आरती अर्ध्या तासाने सुरू झाली. त्या भाषण करणाऱ्याला नंतर घरमालकाने विनाकारण बाहेर काढायचा प्रयत्न केला, तेव्हा मालकाच्या दारात जाऊन उभे राहिलेही काकाच.

या सगळ्या धगीत त्यांची एकच जागा गार होती. ते तळं.

येनाच्या दक्षिणेला डोंगरात पाटीच्या काळ्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत. त्यांतल्या एकीत पाणी भरून खोल तळं झालेलं. जिल्ह्याच्या मालकीचं, पण मासेमारीच्या एका फेराइनला, म्हणजे मंडळाला, वर्षानुवर्षं भाड्याने दिलेलं. काका आणि त्यांचा मित्र फोल्कर हे त्या मंडळाचे जुने सभासद. फोल्कर त्याच कारखान्यातला फिटर, कमी बोलणारा, लांब हाडांचा माणूस. नोकरी गेल्यावर दोघांनी मिळून त्या तळ्यात ट्राउट सोडले. खोल, थंड पाण्यात राहणारे, हाताएवढे वाढणारे. करंगळीएवढी पिल्लं दुधाच्या किटल्यांत भरून फोल्करच्या खटारा गाडीतून आणली होती. गुदमरू नयेत म्हणून काका वाटभर हाताने पाणी घुसळत बसले होते. "हात बधिर झाला होता," काका सांगायचे, "आणि हा गाढव गाडी अशी चालवत होता, जशी काही वरातच!" मंडळातल्या मुलांना गळ बांधायला काकाच शिकवायचे. तिथे मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नाही. मासे पळतात म्हणून असेल.

मग जिल्ह्याने तळं विकलं.

आजही हे लिहिताना माझं डोकं तापतं. विकलं म्हणजे काय, तर पश्चिमेकडच्या एका धनिकाला काठावर सुट्टीची लाकडी घरं बांधायची होती. जिल्ह्याला पैसा हवा होता. मंडळाचा करार संपत आला होता. सगळं रीतसर, सगळं कायद्यात बसणारं. कायदा मोडला असता तर निदान कोणाकडे बोट तरी दाखवता आलं असतं! मंडळाने हरकत घ्यायची ठरवलं. फोल्कर अध्यक्ष होता, त्याने सगळ्यांच्या वतीने ती लढवायची होती. काका निर्धास्त होते. "फोल्कर बोलत नाही, पण धरलं की सोडत नाही," म्हणायचे.

त्या हिवाळ्यात थंडी हटायलाच तयार नव्हती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी काकांनी मला आणि निखिलला तळ्यावर नेलं. निखिल पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, अंडंसुद्धा न खाणारा. फोटो काढायला आला होता. फोल्करच्या गाडीतून निघालो. तळ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एक नवी कोरी साखळी लावलेली होती आणि खाजगी मालमत्तेची पाटी.

"हरकतीचा निकाल लागेपर्यंत तळं आपलं," असं म्हणून काकांनी साखळी ओलांडली. फोल्कर मागून आला. काही बोलला नाही. तो तसाही बोलत नसे.

काकांनी आम्हाला काठावर उभं केलं. एकटे पुढे गेले, कुऱ्हाडीने बर्फ फोडून पाहिला, वीत लावली. आणखी पुढे जाऊन पुन्हा फोडला. मग हात केला. "या आता. एकमेकांना चिकटून चालू नका, ही काही लग्नाची पंगत नाही!" बर्फ पायाखाली मधूनच कण्हल्यासारखा आवाज करायचा, दूरवर पसरत जाणारा. निखिलने माझी बाही पकडली ती सोडली नाही.

भोकं पाडायला माणसाच्या छातीएवढं उंच गिरमिट होतं, हाताने फिरवायचं. ते काम आम्हाला दिलं. निखिलने गळाची बुटकी काठी उचलून पाहिली, तर काका कडाडले, "फिशरायशाइन आहे तुझ्याकडे? परीक्षा दिलीस? मग हात खिशात!" मासे पकडायच्या परवान्यासाठी या देशात परीक्षा असते. त्या परीक्षेबद्दल काकांना जेवढा आदर होता, तेवढा माझ्या पीएचडीबद्दल नव्हता.

मग बसणं. उपड्या बादल्यांवर, पाठीला वारा घेऊन. काका आणि फोल्कर समोरासमोर, मधे दोन भोकं. दोघं काठी किंचित वर घेत, सोडत. गिझेलाकाकूने दिलेला चहा थर्मासमधून वाफाळत होता. मी काकांकडे पाहिलं. कपाळावरच्या दोन उभ्या आठ्या, ज्या मला त्यांच्या चेहऱ्याचाच भाग वाटायच्या, त्या गेल्या होत्या.

काठी एकदम वाकली. काका गुडघ्यावर आले. दोर कमी पडेल, कडेला घासून तुटेल अशी भीती, ते दोर सोडत होते, घेत होते, तोंडाने अखंड मराठीत, "ये बाबा, ये, असं काय करतोस, ये." फोल्कर पोटावर आडवा झाला, बाही वर करून हात कोपरापर्यंत त्या काळ्या पाण्यात घातला आणि माशाला कल्ल्याशी धरून वर घेतलं. चांगला हातभर ट्राउट. चंदेरी, अंगावर काळे ठिपके. काकांनी लाकडी दांडक्याने डोक्यावर एकच घाव घातला, हाल होऊ नयेत म्हणून, आणि क्षणभर टोपी काढली. मग त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. फोल्करचा हात लालबुंद झाला होता. काका तो आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत होते.

तेव्हाच काठावर जीप थांबली.

उतरलेला माणूस तरुण होता, अतिशय सभ्य. नव्या मालकाचा व्यवस्थापक. बर्फावरून जपून चालत आला, सगळ्यांना गुटन टाग म्हणाला आणि फोल्करशी हात मिळवला. "तुम्ही आलात, छान झालं. फक्त पाहुणे आणायचे नाहीत असं आपलं ठरलं होतं ना?"

"काय ठरलं होतं?" काकांनी विचारलं.

त्या माणसाला वाटलं काकांना माहीत आहे. त्याने सरळ सांगून टाकलं. हरकत मागे घेतली गेली होती. त्या बदल्यात मंडळातल्या पाच जुन्या सभासदांना हयातभर इथे मासे धरायची मुभा मिळाली होती.

काकांनी फोल्करकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"आपण हरलोच असतो, मधुकर," फोल्कर म्हणाला. त्याचे ओठ थंडीने नीट हलत नव्हते. "वकील म्हणाला, काही मिळणार नाही. मी म्हटलं, निदान एवढं तरी. तुझं नाव मी पहिलं घातलं. माझ्याही आधी."

"आणि बाकीचे? ती पोरं?"

फोल्करने ओली बाही खाली ओढली.

"मला न विचारता माझं नाव घातलंस? मी तुझ्यासारखाच विकाऊ आहे हे तू परस्पर ठरवलंस?"

व्यवस्थापक अवघडला. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्याने बर्फावरच्या माशाकडे पाहून हसत म्हटलं, "वा, काय सुंदर आहे! घेऊन जा, आमच्याकडून भेट समजा."

मला वाटतं, त्या बिचाऱ्याला आयुष्यात पुन्हा कधी कोणाला भेट द्यायची हिंमत झाली नसेल. काका त्याच्यापेक्षा वीतभर बुटके होते. त्याच्या अगदी जवळ गेले. आवाज मात्र चढला नाही. रागात तो असा खालचा मी प्रथमच ऐकत होतो.

"हा माझ्या करंगळीएवढा असताना मी याला इथे आणला. तू तेव्हा शाळेत असशील. तो मला भेट देणारा तू कोण?"

त्यांनी मासा उचलला. पिशवीत घातला नाही. कल्ल्यात बोट अडकवून तसाच हातात धरून चालू लागले, साखळीवरून, रस्त्याने, खालच्या गावात. आम्ही गिरमिट, बादल्या घेऊन मागे. आमच्यामागे फोल्करची गाडी माणसाच्या चालीने येत होती.

गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, रविवारी दुपारी मंडळाचे लोक पत्ते खेळायला जमत. काकांनी दार ढकललं आणि मासा पत्त्यांच्या डावावर ठेवला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोल्कर दाराशी उभा होता, त्याच्यासमोरच. "आपल्या सगळ्यांचं तळं पाच म्हाताऱ्यांच्या पाच गळांसाठी दिलं. त्यातला एक मी आहे, मला न विचारता. मी नाही म्हणतो. आता तुम्ही बोला!"

आता छप्पर उडणार, असं मला वाटलं. काकांनाही वाटलं असावं. ते तसे कंबरेवर हात ठेवून उभे होते. मग कोपऱ्यातला एक जाडजूड माणूस, गावचा जुना खाटीक, घसा साफ करून म्हणाला, "फोल्कर, आणखी एकदोन नावं घालता येतील का त्यात?"

आणि लगेच दुसरा म्हणाला, "शेवडे नको म्हणताहेत तर त्यांची जागा..."

शाळेची बस चालवणारी एक बाई तेवढी उठली. तिची दोन्ही मुलं काकांच्या हाताखाली शिकत होती. "लाज वाटते का तुम्हाला?" एवढं म्हणून तिने कोट घातला आणि निघून गेली. बाकी सगळे फोल्करकडे बघत होते. रागाने नव्हे. आशेने.

काका खुर्चीत बसले. त्या व्यवस्थापकासमोर ते ताठ होते, फोल्करसमोरही. इथे मात्र खांदे उतरले. ज्यांच्यासाठी भांडायचं तीच माणसं अशी निघाली तर त्या संतापाचं करायचं काय? मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. मला त्या खाटकाच्या अंगावर बादली फेकावीशी वाटली होती. अजून वाटते.

मालकीणबाईने हळूच विचारलं, माशाचं काय करू.

"तळ," काका म्हणाले. "सगळ्यांना वाढ. त्याने काय गुन्हा केलाय?"

त्यांनी स्वतःही खाल्ला. काटे ताटाच्या कडेला नीट लावून, शेवटपर्यंत. मग उठले. फोल्करच्या गाडीत बसायला साफ नकार दिला. रविवारी त्या गावातून बस नव्हती. मग पुढच्या गावच्या स्टेशनापर्यंत आम्ही तिघं बर्फातून चालत गेलो, काकांच्या खांद्यावर ते गिरमिट. वाटभर ते आम्हालाच बोलत होते. निखिलचे बूट काय लायकीचे आहेत, मी सरळ का चालत नाही, आजकाल आपल्याकडे आईवडील मुलांना काय शिकवतात. आम्ही निमूट ऐकून घेतलं. निखिल एकदाच म्हणाला, "काका, द्या ना ते माझ्याकडे," तर म्हणाले, "हात खिशात!"

पुढे त्यांनी एकट्याने हरकत पाठवली. एकट्या सभासदाला तसा अधिकार नाही, असं उत्तर आलं. दर रविवारी ते त्या साखळीपाशी जाऊन उभे राहायचे, बसवाली बाई आणि तिची मुलं कधी कधी सोबत. घरं बांधून झाली. फोल्करने हयातभराची मुभा वापरली का, ते मला माहीत नाही. पण तो दर बुधवारी शेवड्यांच्या घरी यायला लागला. काकू त्याला स्वयंपाकघरात बसवून कॉफी द्यायची. काका बाहेरच्या खोलीत बसून ओरडायचे, "गिझेला, त्याला सांग, माणसाने आधी विचारायचं असतं!" काकू सांगायची. फोल्कर मान हलवून म्हणायचा, "त्याला सांग, माझं चुकलं." तीन पावलांवर दोघं, आणि मधे काकू. असं वर्षानुवर्षं चाललं. काकांनी त्याला कधी दाराबाहेर काढलं नाही आणि कधी समोर बसवलंही नाही.

मी नोकरीसाठी हॅम्बर्गला गेलो. दोनेक वर्षांनी काका-काकू तिकडे आले, भारताच्या व्हिसासाठी. पुतण्याचं लग्न होतं. पासपोर्ट जर्मन, त्यामुळे कराडला जायला परवानगी लागते, यावर वाणिज्य दूतावासाच्या पायऱ्या उतरताना मला पाऊण तास ऐकावं लागलं. मग मी त्यांना नदीवरच्या बंदरात फेरीबोटीतून फिरवायला नेलं. रिपरिप पाऊस होता. काकू आत बसली, आम्ही डेकवर.

"फोल्कर कसे आहेत?" मी विचारलं.

काका नदीकडे बघत राहिले.

"मेला," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुमारास. सकाळी उठला नाही. बुधवारी आला नाही म्हणून गिझेलाने फोन केला, तेव्हा कळलं." त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. "माझा राग अजून गेला नव्हता रे. चांगला शाबूत होता. आणि हा मेला. असं करतं का कोणी?"

मी म्हटलं, "काका, आत चला, भिजाल."

"भिजू दे."

माझं ऑफिस होतं, मी मधल्याच धक्क्यावर उतरलो. बोट सुटली. मागे वळून पाहिलं तर काकू बाहेर येऊन त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावत होती, आणि काका तिचा हात झटकून टाकत होते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी हात झटकला नाही. मान वर करून उभे राहिले, लहान मुलासारखे, आणि तिला बटण लावू दिलं.